हरिणांची गणना आणि विश्वासाचा प्रश्न : विस्कॉन्सिनमधील स्वयंसेवी कॅमेरा-निरीक्षणाची चिकित्सा

गोषवारा

वन्यप्राण्यांच्या निरीक्षणात सामान्य नागरिकांना सामावून घेण्याचे प्रयोग एकविसाव्या शतकात जगभर वाढले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने उभी केलेली ‘स्नॅपशॉट विस्कॉन्सिन’ ही योजना त्यांपैकी एक महत्त्वाचा प्रयोग होय. स्वयंसेवकांनी रानात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतून मिळणारी छायाचित्रे पांढऱ्या शेपटीच्या हरिणांच्या संख्येचा अंदाज बांधण्यासाठी वापरण्यात आली. प्रस्तुत लेखात या योजनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी, कार्यपद्धती आणि मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. स्वयंसेवकांचे श्रम विश्वासार्ह असतात हे सिद्ध होणे आणि त्या श्रमांतून निघालेल्या आकड्यावर समाजाचा विश्वास बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वन्यजीवगणना, स्वयंसेवक, ट्रेल कॅमेरा, पांढऱ्या शेपटीचे हरीण, लोकसहभाग, विस्कॉन्सिन.

१. प्रस्तावना

वन्यप्राण्यांची गणना ही वरकरणी निव्वळ तांत्रिक बाब वाटते. प्राणी किती आहेत हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर एक आकडा, इतकाच तिचा व्याप असावा असा सर्वसाधारण समज असतो. परंतु ज्या समाजात त्या प्राण्याशी अनेकांचे परस्परविरोधी हितसंबंध गुंतलेले असतात, तेथे आकडा हा वादाचा शेवट न ठरता वादाचा आरंभ ठरतो. विस्कॉन्सिन राज्यातील हरीण हे याचे बोलके उदाहरण आहे.

या राज्यात नोव्हेंबर महिन्यातील नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामासाठी पाच लाखांहून अधिक लोक शिकारीचा परवाना घेतात. शिकार हा तेथे केवळ छंद नाही. तो कुटुंबातील पिढ्यांना जोडणारा वार्षिक विधी आणि ग्रामीण अर्थकारणाचा आधारही आहे. शिकाऱ्याला हरिणे अधिक असावीत असे वाटते. मक्याचे आणि सोयाबीनचे पीक गमावणाऱ्या शेतकऱ्याला ती कमी हवी असतात. वनशास्त्रज्ञाला रोपे खुडली जाऊन जंगलाचे नैसर्गिक पुनरुज्जीवन थांबण्याची चिंता असते, तर वाहनचालकाला रस्त्यावर अचानक आडव्या येणाऱ्या हरिणाची. अशा स्थितीत हरिणे किती आहेत हे सांगणारी संस्था कोणत्या ना कोणत्या गटाच्या रोषाला पात्र ठरतेच. त्यामुळे मोजणी कशी झाली याइतकाच ती कोणी केली हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. स्वयंसेवकांच्या हाती कॅमेरा देण्याच्या प्रयोगाचे मूल्यमापन याच दृष्टीने होणे आवश्यक आहे.

२. वादाची पार्श्वभूमी

विस्कॉन्सिनमधील हरीणवादाचा इतिहास आल्डो लिओपोल्ड यांच्या नावाशी निगडित आहे. पर्यावरणीय नीतिशास्त्राचे प्रवर्तक म्हणून लिओपोल्ड भारतीय अभ्यासकांनाही परिचित आहेत. मात्र त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे एका कडवट सार्वजनिक संघर्षात गेली, ही बाब तुलनेने कमी ज्ञात आहे. विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडील जंगलांत हरिणांची संख्या अन्नपुरवठ्याच्या मर्यादेपलीकडे गेली असून हिवाळ्यात ती उपासमारीने मरत आहेत, असा निष्कर्ष त्यांच्या अध्यक्षतेखालील नागरिक समितीने काढला. १९४३ मध्ये ते राज्याच्या संवर्धन आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी माद्या व पाडसे मारण्यासही परवानगी देणारा हंगाम घेण्यात आला आणि लाखाहून अधिक हरिणांची शिकार झाली. यावर मोठा लोकक्षोभ उसळला. या धोरणाला विरोध करण्यासाठी एक स्वतंत्र वृत्तपत्रही चालवले गेले. १९४८ मध्ये लिओपोल्ड यांचे निधन झाले तेव्हाही हा वाद शमलेला नव्हता.

या प्रकरणातील बोध महत्त्वाचा आहे. लिओपोल्ड यांची समिती नावाने नागरिकांची होती आणि तिने प्रत्यक्ष रानात जाऊन पाहणी केली होती. तरीही ज्यांनी ती पाहणी केली नव्हती त्यांच्या दृष्टीने तो तज्ज्ञांचाच निवाडा ठरला. शिकाऱ्याला आपल्या नेहमीच्या जागेवर दिसलेली वा न दिसलेली हरिणे हा त्याचा पुरावा होता; समितीचा पुरावा अन्यत्र होता. दोन्ही पुरावे खरे असूनही ते एकमेकांना भिडत नव्हते.

पुढील अर्धशतकात राज्याने गणनेची एक नियमबद्ध पद्धती विकसित केली. शिकार झालेल्या हरिणांची लिंग व वयानुसार नोंद घेऊन त्यावरून मागे जात एकूण संख्येचा अंदाज बांधणे, हे तिचे सूत्र होते. फेब्रुवारी २००२ मध्ये राज्यातील हरिणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा प्राणघातक रोग आढळला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला हा रोग आढळण्याची ती पहिलीच वेळ होती. रोगग्रस्त पट्ट्यातील हरिणांची संख्या अतिशय कमी करण्याचे धोरण विभागाने स्वीकारले. परंतु अनेक जमीनमालकांनी आणि शिकाऱ्यांनी त्याला साथ दिली नाही. विभागाच्या आकड्यांविषयीचा जुना अविश्वास या काळात अधिक तीव्र झाला. अखेर राज्यपालांच्या वतीने टेक्सासमधील हरीणतज्ज्ञ जेम्स क्रोल यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. प्रचलित गणितीय अंदाज राज्य वा विभाग पातळीवरच वापरावेत, लहान क्षेत्रांसाठी त्यांवर विसंबू नये आणि स्थानिक लोकांना निर्णयात स्थान द्यावे, असा त्या अहवालाचा रोख होता. त्यानंतर २०१४ पासून काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक, हा हरीण-व्यवस्थापनाचा पाया मानण्यात आला आणि प्रत्येक काउंटीसाठी नागरिकांच्या सल्लागार परिषदा स्थापन झाल्या.

याच सुमारास आणखी एक बदल झाला. मारलेले हरीण नोंदणी केंद्रावर प्रत्यक्ष नेऊन दाखवण्याची जुनी सक्ती २०१५ मध्ये संपली आणि दूरध्वनी वा संगणकाद्वारे नोंदणी सुरू झाली. सोय वाढली, हे खरे. परंतु शिकारी, शेजारी आणि विभागाचा कर्मचारी एकाच हरिणापाशी उभे राहून बोलत, असा एक सार्वजनिक प्रसंगही त्यासोबत लोपला. स्वयंसेवी कॅमेऱ्यांची योजना राज्यभर पसरली ती यानंतरच्या काळात, हा योगायोग विचारात घेण्यासारखा आहे.

३. बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

हरीण आणि स्वयंचलित कॅमेरा यांचे नाते सव्वाशे वर्षांचे आहे. पेनसिल्व्हेनियाचे वकील व लोकप्रतिनिधी जॉर्ज शिरास तिसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनला लागून असलेल्या मिशिगनच्या उत्तर भागात हरिणांची रात्रीची छायाचित्रे घेतली. वाटेवर ताणलेल्या तारेला प्राण्याचा धक्का लागताच प्रकाश पडून चित्र उमटावे, अशी त्यांची योजना होती. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जुलै १९०६ च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली. स्वतः शिकारी असलेल्या शिरास यांनी पुढे बंदुकीऐवजी कॅमेऱ्याचा पुरस्कार केला. तथापि त्यांचा कॅमेरा प्राणी दाखवत होता, मोजत नव्हता.

मोजणीसाठी कॅमेऱ्याचा पद्धतशीर वापर अवरक्त किरणांवर चालणारी उपकरणे आल्यानंतर शक्य झाला. हॅरी जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरिणांसाठी मांडलेली पद्धत पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. नराच्या शिंगांची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते; त्यामुळे छायाचित्रांतून वेगवेगळे नर ओळखता येतात. नरांच्या एकूण छायाचित्रांच्या तुलनेत प्रत्यक्ष नर किती, हे गुणोत्तर काढून तेच माद्यांच्या व पाडसांच्या छायाचित्रांना लावायचे, असा हा हिशेब होता. या शोधनिबंधाच्या लेखकांत वर उल्लेखिलेले जेम्स क्रोलही होते, ही बाब उल्लेखनीय आहे.

या पद्धतीचे गृहीतक मात्र नाजूक आहे. कॅमेऱ्यासमोर येण्याची शक्यता नर, मादी आणि पाडस यांच्या बाबतीत समान असावी लागते. हरिणांना आकर्षित करण्यासाठी मका टाकला, तर बलवान प्राणी दुर्बलांना हुसकावतात आणि कोण किती वेळा दिसतो याचे प्रमाण बिघडते. आमिषामुळे लिंगप्रमाण आणि पाडसांचे प्रमाण यांचे अंदाज कलुषित होऊ शकतात, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिले. म्हणूनच ‘स्नॅपशॉट विस्कॉन्सिन’मध्ये आमिषाचा वापर वर्ज्य मानला गेला. घरोघरच्या शिकाऱ्यांचे खासगी कॅमेरे आणि या योजनेतील कॅमेरे यांत यंत्र सारखे असले तरी प्रश्न निराळे आहेत. शिकाऱ्याचा कॅमेरा मोठ्या शिंगांचा नर कोठे आहे हे विचारतो. गणनेच्या कॅमेऱ्याला मात्र सामान्य मादी आणि तिचे पाडस हेच महत्त्वाचे असते.

४. योजनेचे स्वरूप

राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संशोधकांच्या सहकार्याने आणि नासाच्या साहाय्याने ही योजना आखली. आरंभी काही निवडक काउंटींपुरती असलेली ही योजना २०१८ मध्ये सर्व ७२ काउंटींतील नागरिकांसाठी खुली झाली. किमान १० एकर सलग खासगी जमीन असलेला, अथवा सार्वजनिक जमिनीवर कॅमेरा सांभाळण्यास तयार असलेला कोणीही नागरिक प्रशिक्षण घेऊन त्यात सामील होऊ शकत असे. कॅमेरा, बॅटऱ्या आणि स्मृतिपत्रे विभाग पुरवी. स्वयंसेवकाने किमान वर्षभर कॅमेरा चालू ठेवावा, सुमारे तीन महिन्यांतून एकदा त्याची तपासणी करावी, छायाचित्रे संगणकावर चढवावीत आणि आपल्या छायाचित्रांतील प्राणी ओळखावेत, अशी अपेक्षा होती. हालचाल जाणवताच कॅमेरा लागोपाठ तीन छायाचित्रे घेई. याखेरीज दररोज ठरावीक वेळी एक छायाचित्र घेतले जाई. झाडांची पालवी, पानगळ आणि बर्फ यांच्या या नोंदी उपग्रहांकडून मिळणाऱ्या माहितीशी ताडून पाहता येत.

२०१६ पासून या योजनेतील छायाचित्रे ‘झूनिव्हर्स’ या व्यासपीठावरही ठेवण्यात आली. त्यामुळे ज्यांच्याकडे जमीन नाही, जे विस्कॉन्सिनमध्ये राहतही नाहीत, अशा जगभरातील लोकांना प्राणी ओळखण्याच्या कामात भाग घेता आला. माणसांची छायाचित्रे मात्र आधीच वगळली जात. अशा रीतीने योजनेत दोन प्रकारचे स्वयंसेवक निर्माण झाले. एक रानाशी बांधलेला, दुसरा पडद्याशी. त्यांचे कष्ट आणि योजनेकडून असलेल्या अपेक्षा या दोन्ही भिन्न होत्या. पहिल्याला आपल्या वाडीत कोण फिरते याची उत्सुकता असते. दुसऱ्याला ओळखण्याच्या कृतीतच आनंद मिळतो.

५. छायाचित्रापासून आकड्यापर्यंत

स्वयंसेवकांवर सर्वप्रथम घेतला जाणारा आक्षेप त्यांच्या अचूकतेविषयी असतो. अप्रशिक्षित माणसाला प्राणी नीट ओळखता येईल काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळालेले आहे. टांझानियातील ‘स्नॅपशॉट सेरेंगेटी’ या योजनेत २२५ कॅमेऱ्यांच्या जाळ्यातून मिळालेली छायाचित्रे २८,००० हून अधिक नोंदणीकृत स्वयंसेवकांनी तपासली. एकाच छायाचित्रावर अनेकांची मते घेऊन त्यांचे एकत्रीकरण केले असता तज्ज्ञांच्या ओळखीशी सुमारे ९७ टक्के मेळ बसला. तेथे तर प्राण्यांच्या चाळीसच्या आसपास प्रजाती होत्या. विस्कॉन्सिनमधील हरीण ओळखणे त्याहून सोपे आहे. एकट्या निरीक्षकाची चूक अनेकांच्या मतांत विरघळते, हे या पद्धतीचे बळ होय.

खरी अडचण ओळखीच्या पुढे सुरू होते. छायाचित्रांची संख्या म्हणजे हरिणांची संख्या नव्हे. एकच मादी एका रात्रीत चार वेळा कॅमेऱ्यासमोरून जाऊ शकते. चार माद्या कॅमेऱ्यामागून जाऊ शकतात. माद्यांना शिंगे नसल्याने त्यांना एकमेकींपासून वेगळे ओळखताही येत नाही. वाघाच्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखून संख्येचा अंदाज करणारी, भारतात उल्हास कारंथ यांनी नागरहोळे येथे वापरलेली पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. वैयक्तिक ओळख न पटवता घनतेचा अंदाज बांधणारी सूत्रे २००८ पासून उपलब्ध आहेत. परंतु त्यांसाठी प्राण्याची चालण्याची गती आणि कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र नेमके ठाऊक असावे लागते, तसेच कॅमेऱ्याची जागा प्राण्यांच्या वावराशी निगडित नसावी लागते. प्राण्यांची वाट पाहूनच कॅमेरा लावण्याकडे स्वयंसेवकाचा स्वाभाविक कल असतो. त्यामुळे ही शेवटची अट पाळली जाणे कठीण असते.

म्हणून विस्कॉन्सिनमध्ये कॅमेऱ्याकडून अधिक मर्यादित काम घेण्यात आले. राज्याच्या गणितीय पद्धतीत तीन पायऱ्या असतात. मारल्या गेलेल्या नरांची संख्या आणि वय यांवरून एकूण प्रौढ नरांचा अंदाज केला जातो. नर व मादी यांच्या प्रमाणावरून माद्यांचा, आणि दर मादीमागे पाडसे किती या प्रमाणावरून पाडसांचा अंदाज निघतो. यांतील तिसऱ्या पायरीसाठी पूर्वीपासून विभागाचे कर्मचारी आणि नागरिक उन्हाळ्यात प्रवास करताना दिसलेल्या हरिणांच्या नोंदी करीत. स्वयंसेवकांच्या कॅमेऱ्यांनी या प्रमाणासाठी नवा आधार पुरवला. याचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या क्षेत्रात १०,००० माद्या असतील आणि दर मादीमागे पाडसांचे प्रमाण १ ऐवजी ०.८ धरले, तर अंदाजात २,००० हरिणांचा फरक पडतो. पुढील हंगामात किती माद्या मारण्याची परवानगी द्यावी हे ठरवताना एवढा फरक निर्णायक ठरू शकतो.

रस्त्यावरून दिसणारी हरिणे ही बहुधा दिवसा आणि मोकळ्या शेतात दिसणारी असतात. कॅमेरा रानातही पाहतो आणि रात्रीही पाहतो. या दृष्टीने ही निश्चितच सुधारणा आहे. तरी कॅमेऱ्यालाही स्वतःचे आंधळेपण आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाडस गवतात निश्चल पडून राहते आणि मादी एकटीच फिरते. त्या काळातील चित्रांवरून पाडसांचे प्रमाण काढल्यास ते फार कमी येईल. मादीमागे काही पावलांवर चालणारे पाडस तीन चित्रांच्या चौकटीत येईलच असे नाही. याउलट शरद ऋतूत पाडसाच्या अंगावरचे ठिपके नाहीसे होतात, त्याची उंची वाढते आणि रात्रीच्या धूसर चित्रात ते तरुण मादी म्हणून गणले जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणजे कोणत्या महिन्यांची छायाचित्रे धरावयाची, हा वरवर क्षुल्लक वाटणारा निर्णयच आकडा घडवतो. तो निर्णय स्वयंसेवक घेत नाही.

६. श्रमदान की सहभाग?

येथे या चिकित्सेचा मुख्य मुद्दा येतो. मराठी सार्वजनिक जीवनात ‘श्रमदान’ आणि ‘सहभाग’ या दोन संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. वस्तुतः त्यांत मूलभूत अंतर आहे. श्रमदानात काम ठरलेले असते आणि माणूस आपले हात देतो. सहभागात काम कोणते असावे, ते कसे करावे आणि त्यातून काय निष्पन्न झाले असे मानावे, या विचारातही त्याचा वाटा असतो. स्वयंसेवी कॅमेरा-निरीक्षणाचा गौरव सहभाग म्हणून केला जातो. त्याची प्रत्यक्ष रचना मात्र बहुतांशी श्रमदानाची असते.

‘स्नॅपशॉट विस्कॉन्सिन’च्या बाबतीत हे विधान पूर्णतः लागू करणे अन्यायाचे ठरेल. स्वयंसेवकाला आपल्या कॅमेऱ्याची छायाचित्रे पाहावयास मिळत. विभागाने प्रजाती व काउंटी यांनुसार नोंदी दाखवणारा सार्वजनिक माहितीफलकही उपलब्ध करून दिला. शासकीय गणनेच्या परंपरेत ही पारदर्शकता लहान नाही. तरीही छायाचित्र आणि अंतिम आकडा यांच्यामधला मार्ग सामान्य स्वयंसेवकाच्या दृष्टीपलीकडे राहतो. आपल्या रानातील अमुक मादी गणितात धरली गेली की वगळली गेली, आणि का, हे त्याला समजत नाही. शिवाय त्याचा अनुभव दहा-वीस एकरांचा असतो, तर आकडा संपूर्ण काउंटीचा. आपल्या कॅमेऱ्यात हरिणे घटलेली दिसत असताना काउंटीची संख्या वाढल्याचे जाहीर झाले, तर स्वतः पुरावा गोळा केलेला माणूस अधिक विश्वास ठेवील की अधिक साशंक होईल, हे आधीच गृहीत धरता येत नाही. लिओपोल्ड यांच्या काळातील दोन न भिडणाऱ्या पुराव्यांचा पेच येथे नव्या रूपात उभा राहतो.

दुसरा प्रश्न प्रतिनिधित्वाचा आहे. हरिणांविषयीची मते काउंटीच्या सल्लागार परिषदेत मांडली जातात. कॅमेरा सांभाळणारा आणि त्या परिषदेत बोलणारा माणूस एकच असेल असे नाही. ज्याला निसर्गाची हौस आहे, ज्याच्याकडे जमीन, सवड आणि संगणक आहे, असाच माणूस या योजनेकडे स्वाभाविकपणे वळतो. विभागाविषयी ज्याच्या मनात सर्वाधिक राग आहे तो विभागाचा कॅमेरा आपल्या झाडाला बांधील, ही शक्यता कमी. परिणामी ज्यांचा विश्वास आधीच आहे त्यांचाच विश्वास दृढ होण्याचा संभव असतो.

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो की, विज्ञानाचे काम अचूक माहिती मिळवणे हे आहे, सर्वांचे समाधान करणे हे नव्हे. स्वयंसेवकांमुळे कमी खर्चात राज्यभराची, वर्षभराची माहिती मिळते एवढे पुरेसे आहे. हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोणत्याही शासकीय विभागाला पगारी कर्मचाऱ्यांच्या बळावर एवढे जाळे चालवणे दुष्कर आहे. परंतु हरीण-व्यवस्थापनात आकडा हे साध्य नसून साधन आहे. हरिणांची संख्या प्रत्यक्षात कमी करतो तो शिकारी. मादीवर बंदूक रोखावी की नाही हा निर्णय तो आपल्या श्रद्धेनुसार घेतो, परवान्यावरील संख्येनुसार नव्हे. २००२ नंतरच्या रोगनियंत्रण मोहिमेच्या अनुभवाने हे पुरेसे स्पष्ट केले आहे. म्हणून येथे विश्वास हा विज्ञानाबाहेरचा विषय राहत नाही. तो धोरणाच्या यशाची पूर्वअट ठरतो.

७. कॅमेरा कोणाचा, संमती कोणाची

कॅमेऱ्याच्या नैतिकतेचाही विचार करावा लागतो. यंत्र तटस्थ असते, असे मानणे धाडसाचे होईल. अ‍ॅरिझोना राज्याने जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांच्या वापरावर बंदी घातली. प्राण्याला निसटण्याची न्याय्य संधी मिळाली पाहिजे, ही भूमिका त्यामागे होती. एका राज्यात जे उपकरण गणनेचे साधन म्हणून वाटले गेले, तेच दुसऱ्या राज्यात शिकारीपुरते वर्ज्य ठरले. उपकरणाचा अर्थ वापरणाऱ्याच्या हेतूवर आणि अधिकारावर अवलंबून असतो, हे यातून दिसते.

या संदर्भात भारतीय अनुभव विरोधाने उद्बोधक आहे. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे घेण्यात आली. व्याप्तीच्या दृष्टीने हा विक्रम होता. परंतु त्रिशांत सिमलाई यांनी केंब्रिज विद्यापीठातून कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या तंत्राची दुसरी बाजू समोर आणली. सरपणासाठी रानात जाणाऱ्या स्त्रियांच्या वावरावर कॅमेऱ्यांची सावली कशी पडते, हे त्यात दाखवले आहे. विस्कॉन्सिनमधील जमीनमालक आपल्या संमतीने, आपल्या झाडाला कॅमेरा बांधतो आणि त्यातील चित्रे प्रथम स्वतः पाहतो. कॉर्बेटमधील स्त्रीला यांपैकी कोणताही अधिकार नसतो. तंत्र एकच, परंतु एका ठिकाणी पाहणारा नागरिक आहे, तर दुसऱ्या ठिकाणी पाहिला जाणारा. स्वयंसेवी पद्धतीचे सर्वांत मोठे नैतिक बळ येथेच आहे आणि तिच्या समर्थकांनी ते पुरेसे मांडलेले नाही.

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी करण्याची परंपरा आहे. एका रात्रीच्या या निरीक्षणाला संख्याशास्त्रीय गणना म्हणता येत नाही. तो प्रामुख्याने निसर्गानुभव आहे. तिच्यातून निघणारा आकडा कच्चा असला तरी मचाणावरच्या माणसाने काय पाहिले हे त्याला स्वतःला ठाऊक असते. विस्कॉन्सिनच्या योजनेत आकडा पक्का होत जातो आणि पाहणारा त्यापासून दूर जातो. पद्धतीचा काटेकोरपणा आणि पाहणाऱ्याची जवळीक यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न दोन्हीकडे शिल्लक आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, प्राणी ओळखण्याच्या कामात स्वयंसेवक विश्वासार्ह ठरतात. त्यांच्या अज्ञानाचा आक्षेप आता फारसा टिकणारा नाही. दुसरा असा की, विस्कॉन्सिनमधील कॅमेऱ्यांनी हरिणे ‘मोजली’ असे म्हणणे अचूक नाही. त्यांनी गणनेतील एक कमकुवत दुवा, म्हणजे पाडस व मादी यांचे प्रमाण, अधिक भक्कम करण्यास साहाय्य केले. योजनेचे हे यश मर्यादित असले तरी खरे आहे. ते फुगवून सांगितल्यास तिचीच हानी होईल.

तिसरा आणि अधिक महत्त्वाचा निष्कर्ष असा की, श्रमांत वाटा मिळाल्याने निष्कर्षावर विश्वास आपोआप बसत नाही. त्यासाठी कोणत्या महिन्यांची चित्रे धरली, कोणती वगळली आणि अंदाजात किती अनिश्चितता आहे, याची चर्चा कॅमेरा सांभाळणाऱ्यांसमवेत आणि कॅमेरा नाकारणाऱ्यांसमवेतही काउंटीच्या परिषदेत व्हावयास हवी. नोंदणी केंद्रावर मारलेल्या हरिणाभोवती जो संवाद होत असे, तो आता छायाचित्राभोवती होणे शक्य आहे. छायाचित्र हे दोन्ही पक्षांना एकत्र बसून पाहता येईल असा पुरावा आहे. १९४३ मध्ये लिओपोल्ड यांच्यापाशी नेमके हेच नव्हते. या संधीचा उपयोग झाला तर स्वयंसेवकाचे श्रमदान सहभागात परिणत होईल. तसे न झाल्यास लाखो छायाचित्रे जमूनही, हरिणे किती आहेत या प्रश्नावर शिकारी आणि शासन यांच्यातील अंतर पूर्वीइतकेच राहील.